‘पेशी रोपणाने कंपवात मुळासकट बरा’ हे एका लेखाचं शीर्षक जरा घाईचंच वाटलं. त्यामागच्या, जपानमधल्या क्योतोच्या चाचणीत रुग्ण होते अवघे 7, आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. मेंदूत घातलेल्या पेशी तगल्या, डोपामाइन (कंपवातात कमी पडणारं, हालचाली सांभाळणारं मेंदूतलं रसायन) बनवू लागल्या, दोन वर्षांत गाठ झाली नाही, हे मात्र खरंच मोठं यश.

पण ही कल्पना काही आजची नाही. स्वीडनमध्ये 1987 सालीच गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रोपल्या होत्या. पुढे अमेरिकेतल्या चाचणीत काही रुग्णांच्या अंगाला अनावर हालचाली जडल्या, कंपवाताच्या गोळ्या कमी करूनही त्या थांबेनात! शिवाय बद्धकोष्ठता, झोपेच्या तक्रारी, विसराळूपणा हे सगळं डोपामाइनच्या कमतरतेमुळेच होत नाही. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.