“लिफ्ट मारा, 33 चे टायर टाका, गाडी कुठंही जाते” म्हणे!

पावसाळा जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थार घ्या, 3 इंची लिफ्ट किट मारा (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करा), 33 इंची टायर टाका, स्नॉर्कल, बुलबार (पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड) आणि लाईट बार लावा, मग ओढा असो, घाट असो नाहीतर रात्रीची शिकार, गाडी अडत नाही, आणि आरटीओला फक्त इंजिन न् रंगाशी मतलब. आता हे वाचून नवीन पोरं शोरूममधून थेट अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

“लिफ्टने ग्राउंड क्लिअरन्स वाढतो.” बॉडीचा वाढतो, पण तीन दरवाजांच्या थारला मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) आहे आणि त्याच्या मधोमध जो डिफचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरेन्शियलचा, गोळा लटकतो तो लिफ्टने एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही, तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. दगडाला पहिला ठोका बसतो तो बहुतेक वेळा तिथंच. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळं वरखाली होतं, तिथं जास्त लिफ्ट मारली की ड्राइव्ह शाफ्ट कायम तिरक्या अँगलवर फिरतात, त्यांच्या जॉइंटवरचे रबरी बूट फाटतात, आत चिखल जातो आणि जॉइंट खातो. मारुतीच्या जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल, तिथं नुसते स्प्रिंग बदलले की कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगचा पुढे-मागे कल) बिघडतो, अ‍ॅक्सलला आडवा धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि हायवेला स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. लिफ्ट करायचीच तर अलाइनमेंट, कॅस्टर करेक्शन, अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड हे सगळं धरून हिशोब करा, आणि हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

“33 चे टायर म्हणजे सगळं आलं.” गणित करून बघा ना. थारचा 255/65 आर 18 (18 इंची रिमचा) टायर उंचीला साधारण 789 मिमी, 33 इंची म्हणजे 838, फरक 49 चा आणि अ‍ॅक्सलखाली वाढ त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्या बदल्यात गिअरिंग उंच होतं, ब्रेकवर ताण येतो, आणि स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा तुम्ही 64 च्या आसपास असता. आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय, खालच्या व्हेरिएंटला जो 245/75 आर 16 येतो त्याची साइडवॉल (रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची बाजू) 184 मिमी आहे, 18 च्या रिमवरच्या टायरची 166. ट्रेलला ही जास्तीची साइडवॉलच कामाला येते, कारण हवा काढल्यावर टायर पसरतो आणि दगडाला धरतो. कोकणातल्या लाल चिखलात टायरच्या खाचा भरून गेल्या की टायर नुसता गुळगुळीत होऊन जागेवर फिरतो, तेव्हा हवा 20 पीएसआयच्या आसपास आणली तर तीच गाडी बऱ्याचदा हळूच निघते. फुकट होणारं काम आहे हे, फक्त एक गेज आणि परत डांबरावर आल्यावर हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर पाहिजे. कमी हवेवर हायवेला पळवू नका एवढंच.

“स्नॉर्कल लावलं की पाण्याची भीती नाही.” स्नॉर्कल फक्त इंजिनला हवा वरून देतं. डिफ आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी), अल्टरनेटर, वायरिंग, दाराचे रबर आहे तिथंच राहतात. कंपनी थारला 650 मिमी खोल पाण्याचीच मर्यादा सांगते आणि तेही साचलेल्या पाण्यासाठी धरा. पुराच्या वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला लागली की टायरची पकड जाते, मग फोर बाय फोर काय करणार? वरंध घाटाच्या खालचा कॉजवे असो की ताम्हिणीतला ओढा, आधी काठी घेऊन चालत बघा, पाणी पळत असेल तर मागे फिरा. आणि खोल पाण्यातून आलात तर डिफचं ऑइल उघडून बघा, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं की पाणी आत गेलंय, लगेच बदला.

“आरटीओला फक्त इंजिन आणि रंग.” साफ चूक! मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळली पाहिजे, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलंय. कलम 182 अ नुसार परवानगी नसलेल्या एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुलबारवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदीचं पत्र काढलंय, त्यात रस्त्यावरच्या माणसाचा जीव जातो म्हणून. अपघात झाला की इन्शुरन्सवाला आधी हेच शोधतो.

आणि शिकारीचं. काही लोकांच्या डोक्यात अजून ती जुनी विलीज जीप आणि स्पॉटलाइट आहे, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद आहे. ससा असो की रानडुक्कर, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा, जनावराला गाडीने हुसकावणं हेही कायद्याच्या व्याख्येत शिकारच, आणि गाडी जप्त होते ती वेगळीच. रात्री लाईट बार पेटवून जंगलात किंवा सड्यावर घुसण्याचा शौक कुणी “ट्रेल” म्हणून खपवू नका. कासच्या पठारावर एक टायरची वळ उमटली तर तिथली माती आणि फुलं परत यायला वर्षं जातात. मालकाला विचारून शेतजमिनीतला खडकाळ भाग, खाणीची मोकळी जागा, बांधलेले ऑफरोड ट्रॅक हे आहेत ना.

मग पैसे कशात घालायचे? आधी पुढे-मागे चेसिसला धरलेले पक्के टो पॉइंट बघा, कारण ट्रेलरच्या टो बॉलला पट्टा अडकवून ओढल्यावर बॉल तुटतो आणि गोळीसारखा काचेतून आत येतो, माणसं गेलीत यात. मग किनेटिक रोप (ताणला जाणारा ओढायचा दोर), सॉफ्ट शॅकल (दोराचीच जोडकडी), फावडं, एक जॅक आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) घेणार असाल तर गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची घ्या, त्यावर सिंथेटिक रोप लावा आणि ओढताना रोपच्या मध्यावर जाड ओलं पोतं टाका. बाकी पहिल्या पावसाळ्यात एकटं जाऊ नका, दुसरी गाडी सोबत असू द्या, आणि फोर एलमध्ये (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) क्लच सोडून नुसत्या आयडलवर गाडी चढवायला शिका, ते एकदा जमलं की लिफ्टचा विचार नंतर करता येईल.