जमीन तुमची, म्हणून ओढाही तुमचा?

"माझ्या जमिनीवर पडलेल्या पावसाचा थेंबन्थेंब माझा. अडवीन, वळवीन, सरकारने किंवा शेजाऱ्याने विचारायचं कारण नाही. अमेरिकेत तर पावसाचं पाणी साठवलं म्हणून एकाला तुरुंगात टाकलं!" अशा अर्थाचा मजकूर खूप फिरतो आहे. त्यावर विसंबून कुणी उद्या ओढ्यात भराव टाकेल, म्हणून हे लिहितो आहे.

तुरुंगाची गोष्ट आधी. ती ओरेगॉन राज्यातली, २०१२ सालची. शिक्षा खरीच झाली, ३० दिवसांची. पण ती छपरावरून पिंपात पाणी धरल्याबद्दल नव्हती. त्या गृहस्थांनी परवान्याशिवाय तीन मोठे जलाशय बांधून वाहतं पाणी अडवलं होतं. छपरावरचं पाणी साठवायला ओरेगॉनमध्ये मुभा आहे. फिरणाऱ्या मजकुरात नेमका हाच तपशील गाळलेला असतो.

आता "थेंबन्थेंब माझा". यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. फ्रान्सच्या दिवाणी संहितेचं कलम ६४१ जमीनमालकाला आपल्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देतं. भारताचा १८८२ चा ईझमेंट कायदा, म्हणजे शेजारच्या जमिनींमधल्या वाट-पाण्यासारख्या हक्कांचा कायदा, हाही सांगतो की ठरावीक प्रवाहात न वाहणारं, जमिनीवर पसरलेलं पाणी मालकाने आपल्या हद्दीत गोळा करावं, वापरावं. पण तोच कायदा पुढे म्हणतो की नैसर्गिक ओढ्याचं पाणी प्रत्येकाच्या हद्दीतून अखंड वाहिलं पाहिजे. वरच्याने त्याचं प्रमाण, दिशा, जोर यांत मोठा फरक करायचा नाही. काठावरच्या मालकाला पिण्यासाठी, घरासाठी, जनावरांसाठी पाणी घेता येतं. शेताला द्यायचं असेल, तर काठावरच्या इतरांचं मोठं नुकसान न करता. म्हणजे पाण्याला वाट मिळून त्याचा ओढा झाला की खालच्यांचाही हक्क जागा होतो. वापराचा अधिकार आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा त्या एक मानल्याने होतो. वाहतं पाणी सर्वांचं, हे तर रोमन कायद्यानेही मानलं होतं.

"वळवीन" हे सर्वांत घातक. उताराने आपसूक येणारं पाणी खालच्याने घ्यावंच लागतं, तिथे त्याची तक्रार चालत नाही. पण फ्रान्सच्या संहितेत अट आहे: पाणी माणसाचा हात न लागता आलेलं हवं, आणि वरच्याने खालच्याचा भार वाढवू नये. चर खणून सगळं पाणी शेजाऱ्याच्या कोपऱ्यात सोडलं, तर "पाऊस माझा" हा बचाव टिकणार नाही.

अडवलेलं पाणी फुटलं तर? इंग्लंडमधल्या एका गिरणीमालकाने बांधून घेतलेल्या तळ्याचं पाणी जुन्या भुयारांतून शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा नसतानाही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याला भरपाईला जबाबदार धरलं.

उलट, "सरकार पिंपालाही हात लावू शकत नाही" हेही सर्वत्र खरं नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ज्याने आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी, हे तत्त्व चालतं. तिथे साध्या घरांना छपराचं पाणी धरायची परवानगी २०१६ मध्ये मिळाली, तीही दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर एवढीच.