"अपघात दिसला तरी गाडी थांबवू नका" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अपघात दिसला तरी थांबू नका, पोलीस तुम्हालाच अडकवतील, हॉस्पिटलचं बिल तुमच्याच गळ्यात पडेल, आणि अपघात तर सगळे खड्ड्यांमुळे होतात मग हेल्मेट घालून काय फायदा. हा मेसेज माझ्याकडे आठवड्यात तीन ग्रुपवर आला, वाचून खरंच वाईट वाटलं.

आधी पोलिसांचं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्येच मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलंय, २०१९ च्या दुरुस्तीत ते मोटार वाहन कायद्यातही आलं. जखमीला कॅज्युअल्टीत पोचवा आणि निघून जा, नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. स्वतःहून साक्षीदार झालात तरच जबाब.

"पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत" म्हणणाऱ्यांनी १९८९ चा परमानंद कटारा खटला बघा. स्कूटरवाल्याला कारने उडवलं, जवळच्या हॉस्पिटलने घेतलं नाही, वीस किलोमीटर लांब पाठवलं आणि तो वाटेतच गेला, त्यावर कोर्टाने स्पष्ट सांगितलं की आधी जीव वाचवा, कागद नंतर. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद हॉस्पिटलच करतं, तुम्ही नाही.

हां, तरीही काही ठिकाणी आधी डिपॉझिट मागतात हे मी नाकारत नाही, माझ्या आतेभावाला नेलं तेव्हा काउंटरवर आम्हीही तेच ऐकलंय. पण तो तिथपर्यंत पोचला कारण एक अनोळखी रिक्षावाला थांबला, त्याने असला मेसेज वाचून रिक्षा पुढे काढली असती तर?

बिलाचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार. डोक्याला मार लागून आयसीयूत पडलं तर दीड लाख पुरत नाहीत हे खरंय, आणि नंतरची फिजिओथेरपी, बुडालेला रोज, सोबत बसणाऱ्याची सुटलेली नोकरी हे तर कुठल्याच बिलावर येत नाही, ते सगळं घरच्यांच्या डोक्यावर. पण मदत करणाऱ्याच्या नाही.

आता खड्डे. केंद्राच्या २०२२ च्या आकडेवारीत खड्ड्यांमुळे १,८५६ मृत्यू आहेत आणि अतिवेगामुळे १,१९,९०४. नोंद करताना पोलीस वेगाच्या रकान्यात जरा सहज टाकतात असं मलाही वाटतं आणि खड्ड्यांसाठी महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे, पण फरक केवढा आहे बघा. आणि त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. खड्ड्यात गाडी गेली तरी आपटतं ते डोकंच ना?

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी प्लीज ग्रुपवरून डिलीट करा, आणि १०८ नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.