आमच्या दर्याला ऑस्ट्रेलिया दाखवू नका

नवऱ्याचे पुण्याचे काका दिवाळी आटोपून आमच्याकडे ऑस्ट्रेलियात केर्न्सला आले होते. आठवडाभर राहिले, ग्रीन आयलंड हे जवळचं प्रवाळाचं बेट पाहून आले, परत गेले आणि चौथ्या दिवशी घरच्या ग्रुपवर त्यांचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पडला. म्हणणं असं: ऑस्ट्रेलियाने मासेमारी बंद केली म्हणून तिथले प्रवाळ जगले. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावरच राहिलं, कारण कोळ्यांनी ते होऊ दिलं नाही. सरकारने एकदा खमकेपणा दाखवून त्यांना तिथून उठवावं, मग तारकर्लीचं केर्न्स होतं की नाही बघा. खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.

मी मालवणची. आम्ही कोळी नाही, गाबीत. तीही मासेमारीच करणारी, पण वेगळी जात. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी सासरी हा फरक कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि एरवी मी तो सांगतही बसत नाही. पण ज्यांना उठवायचं म्हणताय ते कोण, एवढं तरी माहीत असावं. त्यात माझे बाबा आहेत, चुलते आहेत, माझा चुलतभाऊ आहे.

काकांना ग्रीन आयलंडला मीच घेऊन गेले होते. म्हणून त्यांनी काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे मला ठाऊक आहे.

साडेआठची बोट. बेटावर उतरलो, स्नॉर्कलिंगच्या छोट्या बोटीसाठी फॉर्म भरायचा होता: हृदयविकार, दमा, फिट, रक्तदाब, चालू औषधं. काकांनी सगळीकडे 'नाही'वर खूण केली. त्याच सकाळी त्यांनी माझ्या ओट्याशी उभं राहून रक्तदाबाची गोळी घेतली होती. मी नर्स आहे, पाकीट दुरून ओळखते. म्हटलं, "काका, खरं लिहा." म्हणाले, "अगं, खरं लिहिलं तर पाण्यात सोडणार नाहीत." सोडतात. फक्त वेगळ्या रंगाचं जाकीट घालायला देतात, हातात नूडल म्हणजे फोमची तरंगती नळी देतात, आणि पहाऱ्यावरची मुलगी त्या रंगावर जास्त डोळा ठेवते. मी दुसरा फॉर्म घेऊन स्वतः भरला. काका ते जाकीट घालून, जेलीफिशपासून वाचवणाऱ्या स्टिंगर सूटची टोपी हनुवटीपर्यंत ओढून गप्प बसले. त्यांना ते अपमानाचं वाटलं हे मला दिसत होतं. पण शिस्तीचं कौतुक करायचं तर ती आधी स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते.

परत निघताना त्या मुलीने डोकी मोजली. तेरा भरली, हवी होती चौदा. दुसऱ्या मुलाने मोजली, त्याचीही तेरा. इंजिन बंदच. काका चुळबुळ करायला लागले, दुपारची बोट निघून जाईल म्हणून. चौदावा मुलगा बाकाखाली वाकून फिन्सचा पट्टा सोडवत होता. तो वर आला, दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, दोघांनी सह्या केल्या, मगच बोट हलली. 

व्हॉइस मेसेजमध्ये हे "तिथल्या लोकांच्या रक्तातच आहे" असं आलं. रक्तात काही नव्हतं. जानेवारी १९९८ मध्ये पोर्ट डग्लसहून गेलेल्या एका डाइव्हिंगच्या बोटीने एका अमेरिकन जोडप्याला सेंट क्रिस्पिन्स रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, पाण्यातच सोडलं आणि बोट परत आली. दोन माणसं कमी आहेत हे दोन दिवसांनी लक्षात आलं. ती कधीच सापडली नाहीत. मोजणी, सह्या, पहारा हे सगळं अशा मरणांनंतर कडक होत गेलं. क्वीन्सलँडचा पाण्यातल्या करमणुकीच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा २०११ चा आहे. म्हणजे ज्याला आपण संस्कृती म्हणतो, ती माझ्या डोळ्यांदेखत झालेली आहे. मी इथे आले त्याला पंधरा वर्षं झाली.

आता मासेमारीचं. केर्न्ससमोरच्या प्रवाळांच्या प्रचंड पट्ट्याचा, ग्रेट बॅरियर रीफचा कायदा १९७५ चा. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं मासेमारीला पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांच्या आतच होता. २००४ मध्ये तो तेहेतीस टक्क्यांवर नेला. त्याआधी आराखडे लोकांपुढे दोनदा ठेवले, एकतीस हजारांहून जास्त लेखी म्हणणी आली, त्यांवरून रेषा हलवल्या. आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांच्यासाठी केंद्र सरकारने वीस कोटी डॉलरहून अधिक मोजले: परवाने विकत घेतले, किनाऱ्यावरच्या धंद्यांनाही मदत दिली. उरलेल्या बहुतेक भागात आजही कुठली ना कुठली मासेमारी चालते. बंदराला लागून जे दुकान आहे, जिथे काकांनी दोन दिवस मासा खाल्ला आणि वाखाणला, तिथला कोरल ट्राउट याच समुद्रातला. "ऑस्ट्रेलियाने मासेमारी बंद केली" हे वाक्य त्या ताटावरच खोटं ठरतं. शिवाय इथे रीफवर जाणाऱ्या पर्यटकाच्या तिकिटात दर दिवसाची सरकारी फी असते. ती काकांनीही भरली, तिकिटावर बारीक अक्षरात.

आणि मालवणला काय दिलं? १३ एप्रिल १९८७ ची अधिसूचना. २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा सुमारे तीन चौरस किलोमीटरचा गाभा. म्हणजे बाबांच्या होडीचं रोजचं पाणी. आपल्या दारातलं पाणी अभयारण्य झालं हे बाबांना नंतर, बाजारात, दुसऱ्याच्या तोंडून कळलं. त्यांच्या परवान्याचं काय, जाळ्याचं काय, कोणी विचारायला आलं नाही. 'अभयारण्य' हा शब्द आमच्या घरात वन खात्याच्या नोटिशीसारखा उच्चारला जायचा. विरोध झाला तो त्या पाण्यातल्या माशाला नव्हता. मासा राहावा म्हणून तर याच लोकांनी मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीनवाल्यांविरुद्ध, मासे ओढून घेणाऱ्या एलईडीच्या दिव्यांविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत माझे बाबा होते, गुडघे दुखत असताना. पुण्यातून कोणी आलं होतं असं मला आठवत नाही.

हे सगळं मी त्याच रात्री ग्रुपवर लिहायला घेतलं आणि निम्म्यात थांबले. कारण नांगर आठवला.

गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला मालवणला होते, पावसाआधीची बंदी लागायच्या आत. चुलतभाऊ आता मासेमारी कमी आणि स्नॉर्कलिंगच्या फेऱ्या जास्त करतो. मी त्याच्या होडीतून किल्ल्याच्या मागच्या अंगाला गेले. केर्न्सहून नेलेला मास्क घातला आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरले. पाणी इथल्यासारखं काचेचं नाही. कर्ली नदी तिथून जवळच समुद्राला मिळते, गाळ असायचाच. तरी खाली नीट दिसत होतं. वरून नांगर आला. लोखंडी, दोरीसकट. तो पोरायटीस या दगडी प्रवाळाच्या घागरीएवढ्या गोळ्यावर आपटला, घसरला, सालपट उडालं, आतून पांढराफटक चट्टा उघडा पडला. हे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. तो गोळा माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे असणार. वर आले तर होडीत पर्यटकांच्या हातात ब्रेडचे तुकडे दिले जात होते, मासे जवळ यावेत आणि व्हिडिओ चांगला निघावा म्हणून. मी दादाला म्हटलं, "नांगर नको रे टाकू इथे." तो म्हणाला, "मग होडी खंय बांधू?"

त्याचं उत्तर नाही म्हणजे काय, आहे. केर्न्समध्ये बोटी समुद्रात कायमच्या बसवलेल्या बोयांना बांधतात. तळाला एकदा वजन टाकायचं, त्याला साखळी आणि तरंगता बोया, की रोजचा नांगर सुटला. ही काही रॉकेटची विद्या नाही. पण एका होडीवाल्याने आपल्या खिशातून ते का करावं, आणि केलं तर उद्या दुसऱ्याने तिथे नांगर टाकला तर दाद कुठे मागावी? निवतीच्या खडकाजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना निघाली, तेव्हा ग्रुपवर अभिमानाचा पूर आला होता. माझा त्या नौकेला विरोध नाही. पण आज जिथे रोज शेकडो माणसं पाण्यात उतरतात तिथे वीस-पंचवीस बोये आधी हवेत.

आणि मोजणी. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. तेव्हा मी इथे रात्रपाळीला होते, पहाटे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला, की होडी आपल्यापैकी कोणाची? आपली नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकला, याची मला आजही लाज वाटते. होडीत किती बसवायचे, जाकिटाचे पट्टे लागलेत का, परतताना किती आले, याला डॉलर लागत नाहीत. इथे मी आपल्या माणसांची बाजू घेऊ शकत नाही. घ्यायची नाहीच.

पण इथे राहून हेही पाहिलंय, की मोजलेली डोकी, बोये, बंद क्षेत्रं सगळं असूनही पाणी तापलं की काही चालत नाही. २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४: रीफ पांढरी पडल्याची ही वर्षं मला आमच्या घरच्या वाढदिवसांसारखी पाठ झाली आहेत. काकांनी जे रंग पाहिले ते वाचलेल्या भागातले होते. त्यांना मी ते सांगितलं नाही. पाहुण्यांना आपलं गाव चांगलंच दाखवावं असं वाटतं, आणि त्या दिवशी मी केर्न्स आपलं गाव म्हणून दाखवत होते.

खरी गोष्ट ही की मालवणला वाढून मी चोविसाव्या वर्षापर्यंत पाण्याखाली कधी डोळे उघडले नव्हते. दर्या पुरुषांच्या कामाचा. आमच्या घरातल्या मुली होडीवर जात नसत. आम्ही काठावर पाट्या घेऊन उभ्या. पोहायला कोणी शिकवलं नाही, आणि शिकायचं काय कारण, असा प्रश्न होता. मला गोबरा माहीत होता तो पाटीत, बर्फावर, डोळे पांढुरके झालेला. जिवंत गोबरा मी पहिल्यांदा पाहिला तो ग्रीन आयलंडच्या जेटीखाली. लाल अंग, त्यावर निळे ठिपके. इथला हा कोरल ट्राउट, गोबऱ्याच्याच कुळातला, पण तोंडाची ठेवण तीच, खांबाआड अर्धं अंग ठेवून बघायची रीत तीच असणार असं मनाने घेतलं. मास्कच्या आत मला रडू आलं आणि मास्कमध्ये पाणी साचलं. आजूबाजूला कोणाला सांगणार? बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मोठो होतो?" मी म्हटलं, "दोन हात." गप्प झाले.

त्या बेटाला ग्रीन हे नाव १७७० मध्ये कुकच्या जहाजावरच्या ग्रीन नावाच्या खगोलशास्त्रज्ञावरून पडलं. त्याआधीपासून गुंगाञ्जी लोकांसाठी ते वुन्यामी आहे. माझ्या समुद्राला बाहेरच्या माणसांनी अभयारण्य म्हटलं म्हणून मी चिडते, आणि पंधरा वर्षं दुसऱ्याच्या बेटाला ग्रीन आयलंड म्हणत आले आहे. पाहुण्यांनाही तेच नाव सांगते.

त्या मे महिन्यात मालवणच्या धक्क्यावर एका पोऱ्याने मला हिंदीत विचारलं, "मॅडम, स्नॉर्कलिंग?" मी मालवणीत म्हटलं, माझो भाव येतलो हा. तो हसला आणि सरळ मनाने म्हणाला, "खंयसून इलात?" हा प्रश्न केर्न्समध्ये मला आठवड्यातून दोनदा विचारतात, वॉर्डातले म्हातारे पेशंट, टॅक्सीवाले. तिथे माझं उत्तर तयार असतं: मालवण, महाराष्ट्र, मुंबईच्या दक्षिणेला. धक्क्यावर तोंडातून शब्द फुटेना. बाबांचं नाव सांगितलं. त्या पोराला ते माहीत नव्हतं. बाबांनी होडी विकली त्यालाही सहा वर्षं झाली. विकली कारण चालवायला घरात कोणी नव्हतं, आणि घरात कोणी नव्हतं त्यात मीही आले. मुलगी म्हणून होडी माझ्याकडे येणार नव्हती हे खरं. मी मागितलीही नव्हती, हेही खरं.

म्हणून काकांना लांबलचक उत्तर मी पाठवलं नाही. दोनच ओळी पाठवल्या: २००४ मध्ये इथल्या मच्छीमारांना किती पैसे दिले, आणि आम्ही कोळी नाही, गाबीत. नवऱ्याने अंगठा काढून घेतला. काकांचं उत्तर अजून नाही.

मग दादाला फोन लावला. बोयांचं सांगितलं. साखळी किती जाडीची, तळाला सिमेंटचा ठोकळा किती वजनाचा, इथे ते दर किती महिन्यांनी तपासतात, सगळं लिहून पाठवते म्हटलं. पहिल्या चार बोयांचा खर्च मी देते, पण परवानगीसाठी सगळ्या होडीवाल्यांच्या सह्या हव्यात. तो बराच वेळ ऐकत होता. मागे इंजिनाचा आवाज, कोणीतरी जाकिटं मागत होतं.

"बांधूया गो," म्हणाला. "पण ठोकळो खंय टाकूचो ता पाण्यात उतरान बघूक व्हया. तू येतलंस?"

मी म्हटलं, फेब्रुवारीत. रजेचा अर्ज उद्याच्या पाळीला द्यायचा आहे.