हॉर्न न वाजवणारी कोंडी

बालीच्या विमानतळापासून चांगू पंधरा-वीस किलोमीटर. पुण्यात एवढ्याला आम्ही ‘हे काय, जवळच’ म्हणतो आणि दीड तासाने पोचतो. त्यामुळे लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या या लाडक्या गावाला टॅक्सीनं जायला घाबरण्यासारखं मला काही दिसेना.

काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "तीन लाख."

"अहो, गाडी विकत नाही घ्यायचीये, नुसतं जायचंय!" बायको कानाशी कुजबुजली. तीन लाख रुपिया म्हणजे आपले दीड हजार आणि वर थोडे, हा हिशेब तिला पटेपर्यंत मागे रांग वाढली. पण रांगेतलं कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही. तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

पावतीवर ड्रायव्हरचं नाव होतं वायान. बाहेर येऊन "वायान!" अशी हाक मारली, तर अर्ध्या घोळक्यानं हात वर केले. बालीत बहुधा पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचवं झालं की गाडी परत वायानवर. मुलगा असो वा मुलगी. (बारशाला तिथल्या आत्या काय करतात कोण जाणे.)

विमानतळाबाहेर पडतो न पडतो तोच घटोत्कच भेटला. भलाथोरला पुतळा, खाली रथात कर्ण, वर हा. थोडं पुढे मोठ्या चौकात समुद्रातल्या नागाशी झुंजणारा भीम. बाप-लेक दोघेही भर रहदारीत उभे. भीमाच्या चौकात खालून भुयारी रस्ता काढलाय, तरी नागाचं वेटोळं अन् वेटोळं निरखण्याइतका वेळ आम्हाला मिळाला. आपण कर्णाच्या चाकाबद्दल उगाच भूमीला दोष देतो. पुढे ट्रॅफिक असणार.

कोंडीचं मला नवल नाही. पण आपल्याकडे कोंडीत सोबत असते. मागचा हॉर्न मारतो, आपण काच खाली करून "वरून उडून जाऊ का?" विचारतो, तो आपलं शिक्षण काढतो, आपण त्याचं लायसन्स काढतो, आणि बघता बघता सिग्नल सुटतो. इथे शेकडो स्कूटर, मोटारी, ट्रक एकमेकांना चिकटून उभे आणि हॉर्न नाही. झालाच तर एक हळूच ‘पीप’, तोही ‘येऊ का?’ अशा सुरात. माझा संताप आतल्या आत शिजत होता आणि वाढायला पान सापडत नव्हतं.

केरोबोकानच्या पुढे मिरवणूक आडवी आली. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र कमरेला गुंडाळलेल्या गावरक्षकांनी हात केला, वायाननं इंजिनच बंद केलं. डोक्यावर नैवेद्याचे मनोरे घेतलेल्या बायका, मागे गामेलान म्हणजे तिथल्या काशाच्या वाद्यांचा ठणठणाट. बायको खूश. मी घड्याळाकडे बघतोय, हे बघून वायाननं मला पुदिन्याची गोळी दिली.

मग त्यानं शॉर्टकट घेतला. दोन्हीकडे भात, मधे एका गाडीपुरता रस्ता, कठडा नाही. समोरून दुसरी मोटार. आता तरी! मी सरसावून बसलो. दोघे ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले आणि समोरचा निमूटपणे लांबवर मागे गेला. कडेला एक गोरा तरुण सर्फबोर्डासकट भातात उतरलेली स्कूटर चिखलातून ओढत होता. तोही हसत होता!

उतरताना विचारलं, "परत न्यायला येणार ना, ब्ली?" (ब्ली म्हणजे तिकडचं ‘दादा’.) त्यानं पाटी दाखवली. इथून प्रवासी फक्त स्थानिक टॅक्सीवाल्यांनीच उचलायचे. सोडायला हरकत नाही, न्यायला बंदी. अभिमन्यूची आठवण झाली, पण त्या दिवसापुरतं महाभारत पुष्कळ झालं होतं.

चांगूतल्या बातू बोलोंगच्या किनाऱ्यावर पोचलो. समुद्रातही तीच गर्दी. बोर्डाला बोर्ड लागलेले, सगळे लाटेची वाट बघत. पाण्यातला नियम असा, की लाट जिथे फुटते त्याच्या सर्वांत जवळ असेल त्याची ती लाट. कुणीतरी मधेच घुसला. ज्याची लाट होती त्यानं बोर्डावरूनच त्याचा उद्धार सुरू केला, घुसलेल्यानं उलटं सुनावलं, तिसरा कारण नसताना मधे पडला.

"अहो, खोलीवर जाऊया ना," बायको म्हणाली.

"थांब गं," मी वाळूत नीट मांडी घालत म्हटलं, "जरा ऐकू दे."