पाण्यात बंद पडलेल्या गाडीला लगेच सेल मारू नका

पाण्यात बंद पडलेल्या फोर-बाय-फोर गाडीविषयी एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ऑफ-रोड गाडी पाण्यासाठीच बनवलेली असते आणि स्नॉर्कल (इंजिनाची हवा ओढणारी, छतापर्यंत नेलेली नळी) असेल तर चिंताच नको, तरीही बंद पडली तर लगेच पुन्हा सेल मारावा, नाहीतर ओढून सुरू करावी, सुरू झाली की अर्धा तास रेस करावी, म्हणजे आतले पाणी वाफ होऊन निघून जाते, मग दोन दिवस दारे उघडी ठेवून उन्हात लावावी. यातले जवळपास प्रत्येक विधान चुकीचे आहे. एक तर असे आहे की, तेल बदलून आणि साफसफाई करून वाचली असती अशी गाडी त्यामुळे थेट इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

ते विधान लगेच सेल मारण्याचे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. हवा दाबली जाते, पाणी व्यवहारात दाबले जात नाही. दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे आकारमान साधारण ५०० घनसेंटिमीटर असते. कॉम्प्रेशनचे प्रमाण १६ः१ धरले, तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा जेमतेम ३३ घनसेंटिमीटर भरते. म्हणजे चहाचे सहा-सात चमचे पाणी आत असेल, तर पिस्टनला वर जायला वाटच उरत नाही. अशा वेळी सेल मारला, तर एक तर इंजिन जागीच अडते किंवा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो. आणि तेवढ्यात शेजारच्या कोरड्या सिलिंडरमध्ये इंधन पेटले, तर रॉडवर येणारा जोर कैक पटींनी वाढतो. किंचित वाकलेला रॉड अधिक फसवा असतो, कारण गाडी सुरू होते, थोडा आवाज करते, ‘वाचली’ असे वाटते आणि पुढे कधीतरी तोच रॉड तुटून ब्लॉक फोडतो. ओढून सुरू करणे तर याहून वाईट, कारण तेव्हा चाकांकडून येणारी ताकद सेलच्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त असते.

करायचे ते असे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाण्याबाहेर काढावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा. फिल्टर आणि त्यापुढचा पाइप कोरडा असेल, तर इंजिनात वरून पाणी गेले नसण्याची शक्यता बरीच आहे. फिल्टर ओला असेल, तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा नोझल काढावेत, क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवावी, आणि पाणी बाहेर पडून इंजिन मोकळे फिरते याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडून थोडा सेल मारावा.

स्नॉर्कलविषयी थोडक्यात. तो हवा ओढण्याचे तोंड वर नेतो, एवढेच. त्याचा एखादा सांधा सैल असेल तर तेही नाही. अल्टरनेटर, गिअरबॉक्स, क्राउन (अ‍ॅक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि वायरिंग जिथल्या तिथेच राहतात. पाण्याच्या खोलीची मर्यादा प्रत्येक गाडीला असते. नव्या डिफेंडरसारख्या गाडीलाही कंपनी एअर सस्पेन्शनसह ९०० मिलिमीटरची मर्यादा देते.

रेस करून पाणी उडवण्याची कल्पना एका खऱ्या गोष्टीवरून ताणलेली आहे. गार इंजिनात साचलेला किरकोळ दमटपणा लांबच्या प्रवासात खरोखर उडून जातो. पण गेजपट्टीवर तेल दुधाळ दिसत असेल, तर ते पाणी तेलात घुसळले गेलेले असते, आणि असे तेल बेअरिंगवर हवा तसा थर धरत नाही. असे तेल इंजिन सुरू न करताच काढावे, तेलाचा फिल्टर बदलावा, नवे तेल घालून थोडा वेळ चालवून पुन्हा काढावे, आणि तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबाबत तर वेळ दवडूच नये, कारण क्लच प्लेटचे अस्तर पाणी शोषते आणि त्याचा चिकटवलेला थर सुटू लागतो.

सल्ल्यात क्राउनचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत खटकते ते हेच. चालून तापलेला क्राउन थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते; ८० अंशांवरून २० अंशांवर आली, तर तिचे आकारमान सुमारे एक-षष्ठांशाने घटते, आणि ब्रीदर (क्राउनमधली हवा ये-जा करण्याची नळी) बुजलेला किंवा पाण्याखाली असेल, तर ही उणीव पाणी ओढून भरली जाते. मी एका गाडीचा मागच्या क्राउनचा ड्रेन प्लग रात्रभर उभी ठेवल्यानंतर हलकेच सैल केला होता. आधी बोटभर जाडीची स्वच्छ पाण्याची धार आली, मग राखाडी, साबणाच्या फेसासारखे तेल, आणि प्लगच्या चुंबकावर गंजाची लालसर पूड. इंजिन ठणठणीत होते, मालक रोज गाडी चालवत होता. पुढचा-मागचा असे दोन्ही क्राउन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) या चारही ठिकाणचे तेल म्हणूनच पाहिले पाहिजे.

उन्हाचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. वरचे कापड वाळते, पण मॅटखालचा जाड फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो, आणि अनेक गाड्यांत एअरबॅगचे कंट्रोल युनिट मधल्या उंचवट्यात, नेमके त्याच्या शेजारी असते. आसने आणि मॅट उचलूनच काढावी लागतात. बॅटरीची तार सोडवून काही वेळ थांबल्याशिवाय आसनाखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नये. पाणी खारे असेल, तर वाळवण्याआधी गोड्या पाण्याने धुवावे, कारण पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. ओल्या कनेक्टरमधून वीज वाहत राहिली की पिना झपाट्याने झिजतात, म्हणून जमिनीलगतचा प्रत्येक कनेक्टर उघडून, साफ करून, वाळवून मगच जोडावा, आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांतले काही पुन्हा उघडून तांब्यावर हिरवी पूड धरली आहे का ते पाहावे.