नऊशे रुपयांची पावती आणि टोलची आठवण

साहेब, लायसन्सच्या फीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलीच्या कच्च्या लायसन्सचे पैसे भरले, पक्क्याला अजून भरायचेत, सगळे मिळून हजाराच्या घरात जाणार. ही लूट आहे, राज्य सरकार लायसन्सवर तिजोरी भरतंय, आणि टोल हाकलणाऱ्या कोल्हापुरात राहून मी त्याची वकिली करतोय. राग समजला, पण नेम चुकलाय.

आधी पावती बघू. माझ्या पुतण्याचं लायसन्स नुकतंच निघालं, त्यामुळे आकडे तोंडपाठ आहेत. कच्च्याचे 150, त्याच्या परीक्षेचे 50, पक्क्याच्या चाचणीचे 300, लायसन्सचे 200, कार्डाचे जादा 200. झाले 900, वर किरकोळ. हे दर मंत्रालयात ठरत नाहीत. ते केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 32 व्या नियमात आहेत. डिसेंबर 2016 मध्ये ते वाढले, तेव्हा कच्च्याची फी 30 वरून एकदम 150 झाली. वाढवतं दिल्ली, जमा होतं मुंबईत आणि शिव्या खातो ताराबाई पार्कातल्या आरटीओच्या खिडकीवरचा कारकून.

आता त्याच पुतण्याची स्कूटर घ्या. किंमत लाखाच्या आसपास. त्यावर राज्याचा एकरकमी वाहन कर 11 टक्के, म्हणजे अकरा हजार. एका स्कूटरच्या करात बारा जणांची लायसन्सं निघतील! आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली तर 88 हजार. हा कर लावायचा अधिकार घटनेनं राज्याला दिलाय आणि दरही राज्यच ठरवतं. पाडव्याला शोरूमच्या दारात हार घालून उभ्या असलेल्या गाड्या मोजा, तिजोरी कशानं भरते ते कळेल. गंमत अशी की 900 ची पावती आपण ओळ न् ओळ वाचतो आणि अकरा हजार 'ऑन रोड'च्या आकड्यात विरघळून हप्त्यात जातात. त्याबद्दल शोरूममध्ये एक जण चकार शब्द काढत नाही. मीही काढला नव्हता.

टोलचं म्हणाल तर शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध लढणाऱ्या एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे या नेत्यांच्या मागे जी गर्दी होती, त्यात मीही होतो. 2015 च्या अखेरीस टोल रद्द झाल्याचं कळलं, तेव्हा कोल्हापूरकर म्हणून कॉलर ताठ झाली होती. पण आपल्याच गावात फिरायला पुन्हापुन्हा पैसे का मोजायचे, हा तो वाद होता. विशीत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. 900 ला वीसनं भागा, वर्षाला 45 रुपये पडतात. तेवढ्यात मिसळीची प्लेटसुद्धा येत नाही.

तरी दोन गोष्टी तुमच्या पदरात टाकतो. 'फीचा पैसा आरटीओच्या कामाला लागतो' असं मी लिहिलं होतं, ते चूक. तो राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत जातो, वाहन करासोबत 0041 या एकाच लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या एकाच खात्यावर. आणि इथंच खरा मुद्दा आहे. फी म्हणजे सेवेचा मोबदला, कर म्हणजे तसा मोबदला न देता घेतलेला पैसा, हा फरक सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात मांडला. मग 300 रुपये घेऊन गाडी चालवता येते का हे नीट तपासतात का, हे विचारायचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे. पुतण्याला एका एजंटनं 'चाचणीचं टेन्शन घेऊ नका' म्हणून तीन हजार सांगितले होते. ते कुठल्याच लेखाशीर्षात जमा होत नाहीत. लूट हा शब्द मी त्या तीन हजारांसाठी राखून ठेवलाय.

दुसरी गोष्ट उशिराच्या दंडाची. नूतनीकरण वेळेत केलं तर 200. सवलतीची मुदतही टळली की 300 आणि वर उशिराच्या प्रत्येक वर्षाला हजार. गगनबावड्याकडचा एखादा शेतकरी काही वर्षं विसरला तर हजारांत भुर्दंड. याला मोबदला म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. इथं तुम्ही जिंकलात.

लेखातलं ते चुकीचं वाक्य आज दुरुस्त केलंय. आणि मुलीला सांगा, कच्चं लायसन्स सहा महिनेच चालतं. त्यात चाचणी राहून गेली तर 150 आणि 50 पुन्हा भरायचे. तेवढे तरी सरकारला फुकट देऊ नका.